एका दाण्याचे तेरा ट्रक

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या मोंढ्यातून सोयाबीनचा एक दाणा उचला. एकच. आता तो दुप्पट करा: दोन. पुन्हा दुप्पट: चार. मग आठ, सोळा, बत्तीस. दहाव्या दुपटीला १,०२४ दाणे होतात. हजार दाण्यांचं वजन साधारण १२० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन मुठी. यात काय मोठंसं? थांबा. विसाव्या दुपटीला दाणे होतात १० लाख ४८ हजार ५७६ आणि काट्यावर भरतात सव्वा क्विंटल. पोतं भरून सांडलं! आणि तिसाव्या दुपटीला? १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ दाणे. वजन १,२८८ क्विंटल. दहा-दहा टनांचे तेरा ट्रक!

स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचं गणित हेच आहे. सुरुवात एका बिघडलेल्या पेशीपासून होते. ती दुभंगते, तिच्या दोघी दुभंगतात, त्या चौघी पुन्हा दुभंगतात. तीस दुपटी झाल्या की शंभर कोटींवर पेशी जमतात आणि सगळ्या मिळून त्यांची जेमतेम एक सेंटिमीटरची गाठ होते. टपोऱ्या हरभऱ्याएवढी. बोटाला ती लागते ती इथे, तेराव्या ट्रकपाशी. तोवर ना दुखणं, ना खुपणं, ना ताप.

एका दुपटीला वेळ किती लागतो? कुठली गाठ महिन्या-दीड महिन्यात दुप्पट होते, कुठली वर्ष घेते. आपण चार महिने धरू. तीस दुपटींना १२० महिने झाले, म्हणजे पूर्ण दहा वर्षं! आज बोटाला लागलेला हरभरा दहा दिवाळ्यांपासून आत बसलेला असू शकतो.

आणि पुढचा वेग बघा. एक सेंटिमीटरची गाठ दोन सेंटिमीटरची झाली तर डोळ्याला ती दुप्पट दिसते, पण आतला माल आठपट होतो. लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही दुप्पट. तेरा ट्रकचे १०३ ट्रक! त्याला लागतात फक्त तीन दुपटी, म्हणजे आपल्या हिशेबाने एक वर्ष. आणखी एका वर्षात गाठ चार सेंटिमीटरची आणि ट्रक ८२४. पाच सेंटिमीटरला पोचली की १,६१० ट्रक! एकामागे एक उभे केले, प्रत्येकाला बारा मीटर जागा दिली, तर रांग भरते १९ किलोमीटरांवर. औसा ते लातूर अंतर वीसेक किलोमीटर आहे. सगळा रस्ता ट्रकांनी भरून गेला! पहिले तेरा ट्रक जमायला दहा वर्षं लागली आणि रस्ता भरायला त्यानंतर अडीच वर्षंही लागली नाहीत. गाठ वाढत जाते तशी तिची चाल थोडी मंदावते, सगळ्याच गाठी या हिशेबाने चालत नाहीत, हे खरं. पण हिशेबाचा रोख कुठे आहे ते दिसलं ना?

आता त्या हरभऱ्याच्या आत शिरू. प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो, उलगडला तर दोन मीटर लांब. एका सेंटिमीटरच्या गाठीतले सगळे धागे जोडले तर लांबी होते २१ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरा. रोज सकाळी मुंबईहून निघायचं, संध्याकाळी परत यायचं, रोज ३०० किलोमीटर, एकही सुटी नाही. २१ लाख किलोमीटर पुरे व्हायला एकोणीस वर्षांहून जास्त काळ लागेल. चंद्र इथून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. तिथे दोनदा जाऊन येऊन तिसऱ्यांदा पोचायला हा धागा पुरतो आणि तरी उरतो. हे सगळं एका हरभऱ्यात!

मुळात पेशी बिघडते कशी? आपल्या शरीरात अंदाजे ३० ते ३७ लाख कोटी पेशी आहेत. त्यातल्या रोज सुमारे ३३ हजार कोटी जुन्या जातात आणि तितक्याच नव्या येतात. बहुतेक रक्तातल्या. सेकंदाला भागलं तर ३८ लाख! २०११ च्या जनगणनेत सगळ्या लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत अंगात दीड लातूर जिल्हा नवा जन्माला आलेला असतो. प्रत्येक नव्या पेशीसाठी ६०० कोटी अक्षरांची पोथी उतरवून काढावी लागते. सेकंदाला एक अक्षर या गतीने आपण ती उतरवायला बसलो तर १९० वर्षं लागतील. पेशी ते काम काही तासांत उरकते आणि दुरुस्त्या करून झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक ठेवते. इतक्या प्रचंड लिखाणात एखादी चूक नको त्या जागी पडणं यात कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही, कुणाचा शाप नाही. आकड्यांचाच तो खेळ आहे. गाठ निघाली म्हणून कुठल्याही बाईने मान खाली घालू नये, हे मला या आकड्यांनीच सर्वांत स्पष्टपणे सांगितलं.

या गाठीच्या पेशी शरीरात दूरवर पसरतात त्या रक्तातून. आपलं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं. दिवसाला ७,२०० लिटर, आठवड्याला ५० हजार लिटर. लातूरकरांना हा आकडा ओळखीचा वाटेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत ५० हजार लिटर पाणी. आपलं हृदय दर आठवड्याला त्या गाडीची एक वाघीण भरतं! सत्तर दिवसांत अख्खी गाडी. दहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल अशी काठोकाठ विहीर १३१ दिवसांत. या धो-धो प्रवाहात गाठ आपल्या पेशी सोडत असते. उंदरांवरच्या एका प्रयोगात एक ग्रॅम गाठीतून दिवसाला तीस-चाळीस लाख पेशी रक्तात सुटलेल्या मोजल्या गेल्या. त्यातल्या जवळपास सगळ्या मरतात. पण एखादीला हाडात, यकृतात, फुप्फुसात बूड टेकायला जागा मिळाली की मामला बदलतो. एकेक दिवस मोलाचा का, याचं उत्तर या प्रवाहात आहे.

आता एका शरीरातून बाहेर येऊन देशाकडे पाहू. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. हा आकडा केवढा? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती. त्यातल्या सगळ्या बायका मोजा. पाळण्यातली पोर, शाळेतली मुलगी, नवी सून, सासू, काठी टेकत चालणारी आजी, सगळ्या! जवळपास तेवढा हा आकडा आहे. आणि तो एका वर्षाचा. पुढच्या वर्षी तेवढाच आणखी.

त्यांना रेल्वेत बसवू. स्लीपरच्या एका डब्यात ७२ जणी. रोज ५२६ नव्या रुग्ण म्हणजे सात डबे भरून वर बावीस जणी फलाटावर. वर्षभराचे डबे झाले २,६६७. डबा साधारण बावीस मीटरचा. गाडीची लांबी ५८ किलोमीटरांहून जास्त! औसा-लातूर अंतराच्या जवळपास तिप्पट. आणि जगाची गाडी? २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा रोग झाला. डबे ३१ हजार ९००, लांबी सातशे किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा आहे. गाडी मुंबईहून पुण्याला गेली, परत आली, पुन्हा पुण्याला गेली, पुन्हा मुंबईकडे निघून निम्म्याच्या पुढे पोचली, तरी शेवटचा डबा पहिल्या फलाटावरून हललेला नाही.

त्याच वर्षी भारतात या रोगाने ९८ हजार बायका गेल्या. दर पाच-साडेपाच मिनिटांना एक. मोठ्या संकटाचं माप आपल्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. त्या भूकंपात मराठवाड्याने जवळपास दहा हजार माणसं गमावली आणि सारं जग धावून आलं. स्तनाचा कर्करोग दर वर्षी दहा किल्लारी करतो. भिंती पडत नाहीत, धूळ उडत नाही, म्हणून कुणी धावत येत नाही.

मग आपला धोका किती? राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या हिशेबाने भारतात ७४ व्या वर्षापर्यंत दर २९ स्त्रियांमागे एकीला हा रोग होण्याची शक्यता आहे. दहा-दहा जणींचे तीन बचत गट एका ओट्यावर बसले तर त्यातली एक. अमेरिकेत सबंध आयुष्याचा हिशेब दर आठ जणींमागे एकीचा आहे. आपल्या भागाचा आकडा तर आणखी थक्क करणारा आहे. २०१२ ते २०१६ च्या नोंदींत सगळे कर्करोग मिळून अरुणाचलच्या पापुमपारे जिल्ह्यात दर लाख स्त्रियांमागे वर्षाला २१९.८ रुग्ण होते. आणि आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीडमध्ये ४९.४, देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी!

पण म्हणून निर्धास्त होऊ नका. धोका कमी असला तरी उशीर जास्त असेल तर शेवटचा हिशेब तिथेच येतो. आणि हा धोका जागचा थांबत नाही. पाळी लवकर सुरू होते, लग्न उशिरा, मुलं एक-दोन. पूर्वी सात-आठ बाळंतपणं आणि वर्षानुवर्षं अंगावर पाजणं यांत बाईच्या आयुष्यात शंभर-दीडशे पाळ्या येत. आता चारशेच्या वर येतात. प्रत्येक पाळीत संप्रेरकांची एक लाट स्तनातल्या पेशींवरून जाते. अडीचशे-तीनशे लाटा जास्तीच्या! अंगावर पाजण्याचा हिशेबही मांडून झालेला आहे. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची मोट बांधलेली आली. त्यात १ लाख ४७ हजार स्त्रिया होत्या. दर बारा महिने पाजण्यामागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी, शिवाय दर बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी कमी. दोन लेकरांना दोन-दोन वर्षं पाजलेल्या आईचा धोका नुसत्या पाजण्यानेच सोळा टक्क्यांच्या आसपास उतरतो.

‘आमच्या घरात कुणाला नव्हतं,’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. त्याचाही आकडा घ्या. अनुवंशाने आलेला दोष दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींमध्ये सापडतो. एक लाख ९२ हजारांपैकी १ लाख ७० हजारांहून जास्त जणींना तो दोष नसतोच! घरात कुणाला नसणं म्हणजे सुटका नव्हे. उलट आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला कमी वयात झाला असेल, किंवा घरात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. ‘बीआरसीए’ नावाच्या जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांचा आयुष्यभराचा धोका साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. आणि हो, दर शंभर रुग्णांत एखादा पुरुषही असतो. छातीतली गाठ काकांनीही दाखवायची.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ मधल्या १७,३३१ रुग्ण स्त्रियांचा माग काढला. गाठ स्तनापुरती असताना उपचार सुरू झाले तर पाच वर्षांनी शंभरातल्या ८१ जिवंत. रोग लांब पसरल्यावर आल्या तर शंभरातल्या १८! लाल एसटीत बसवा त्यांना. गाडीत ४४ आसनं. पहिल्या गाडीतल्या ३६ जणी पाच वर्षांनी घरी लेकराबाळांत आहेत. दुसऱ्या गाडीतल्या ८. रोग तोच. फरक दाखवायला कधी आल्या एवढाच. आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायका गाठ बरीच पुढे गेल्यावर येतात.

का येतात उशिरा? आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर घटकाभर बसा, उत्तर मिळेल. आशाताई विचारते, ‘मावशी, ही गाठ कवापासून हाय?’ मावशी पदर सारखा करते. ‘झालं की सहा महिने. दुखत न्हाई माय, मग कशाला दाखवायचं?’ दुखत नाही! तेरा ट्रक दुखत नाहीत, शंभर ट्रक दुखत नाहीत. न दुखणारी, घट्ट, खडबडीत, जागची न हलणारी गाठ तर आधी दाखवायची. तिच्यासोबत कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून आपोआप येणारं रक्त, काखेतला गोळा. यातलं एकही दिसलं तर दिवस मोजायचे नाहीत.

पण घाबरून दडवूनही ठेवायचं नाही. कारण दुसरा आकडा आपल्या बाजूचा आहे. स्तनात लागणाऱ्या दर दहा गाठींपैकी सुमारे आठ कर्करोगाच्या नसतातच! दवाखान्यात जाणाऱ्या दहा बायकांपैकी बहुतेक जणी सुटकेचा निःश्वास टाकून परत येतात.

कर्करोगाची गाठ वेळेवर शोधायची कशी, याचे मोठमोठे प्रयोग ऐकाल तर चकित व्हाल. चीनमधल्या शांघाय शहरात ५१९ कापड कारखान्यांतल्या २ लाख ६६ हजार ६४ बायका निवडल्या. निम्म्यांना आपले स्तन आपण तपासायला शिकवलं, निम्म्यांना नाही. दहा-अकरा वर्षांनी मोजणी झाली. शिकवलेल्यांत १३५ मृत्यू, न शिकवलेल्यांत १३१. काहीच फरक नाही! आपलं शरीर ओळखीचं असावं, बदल झाला तर कळावा, हे बरोबर. पण आरशापुढे नुसतं चाचपून भागत नाही. शिकलेला हात लागतो.

शिकलेला हात काय करू शकतो, हे आपल्या महाराष्ट्राने जगाला दाखवलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये एक चाचणी सुरू केली. डॉ. इंद्रनील मित्रा तिचे प्रमुख होते. मुंबईतल्या वस्त्यांचे वीस गट केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका. त्यातल्या ७५ हजार ३६० जणींची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, अशा चार फेऱ्या. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. तपासणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. सगळ्या जणी प्रत्येक फेरीला आल्या असं धरलं तर तीन लाख तपासण्या! एकीला पाच मिनिटं धरली तर रात्रंदिवस चालून जवळपास तीन वर्षं. आणि पाठपुरावा वीस वर्षं. दीड लाख बायका गुणिले वीस वर्षं म्हणजे कागदावर तीस लाख वर्षं! वाटेत कुणी गेल्या, कुणी गाव सोडलं, त्यांची वर्षं वजा करा, तरी आकडा अवाढव्यच राहतो. माणूस नावाची आपली जात पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षं झाली. तिच्या वयाच्या अनेक पट आयुष्य या एका चाचणीच्या वह्यांमध्ये मोजलं गेलं!

निकाल २०२१ मध्ये आला. पुढच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग न तपासलेल्यांत ४७ टक्के, तपासलेल्यांत ३७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. लाख बायकांमागे वर्षाला ३४.६८ वरून २४.६२. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही, हेही त्याच वह्यांत लिहिलेलं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण पन्नाशीपुढे लाखामागे दहा जीव, दर वर्षी, नुसत्या बोटांनी!

आणि आपल्या जवळच्या भागाकडेही अभिमानाने बघा. १९८७ मध्ये बार्शीला भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. माणसं गावोगाव फिरली, पारावर बसली, रुग्ण शोधून वहीत उतरवले. त्याच भागातून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू, न केलेल्या गटात ६४. जवळपास निम्मे! २००९ मध्ये हा निकाल छापून आला आणि अवघं जग आपल्या मराठवाड्यातल्या बायांचे आकडे वाचू लागलं. ज्यांनी त्या दिवशी मजुरी बुडवून तपासणीला हात दिला, त्या जगाच्या शिक्षिका ठरल्या.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो. बोटाला न लागणारी, काही मिलिमीटरची गाठही त्यात दिसू शकते. त्याच्या किरणांची धास्ती असेल तर ऐका. मातीतून, आकाशातून, अन्नातून आपल्यावर जितके किरण सात आठवड्यांत फुकट पडतात, तितकेच एका मॅमोग्राफीत. अमेरिकेत चाळिशीपासून ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी ती करायला सांगतात. तिथला हिशेब असा: हजार बायकांची मॅमोग्राफी केली तर सुमारे शंभर जणींना पुन्हा बोलावतात आणि कर्करोग निघतो पाचेक जणींना. म्हणजे पुन्हा बोलावणं आलं म्हणून कोसळायचं नाही. तरुण वयात स्तन घट्ट असतो, फोटो नीट दिसत नाही, तिथे सोनोग्राफी कामाला येते.

आपल्याकडे सरकारी नियम असा: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हाताने स्तनतपासणी. तीही फुकट, गावातल्या उपकेंद्रात. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झाली का? हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के! हजारात नऊ. ९९१ जणींच्या बाबतीत शिकलेला हात पोचलाच नाही.

आता सगळे आकडे एकत्र आणू. पन्नाशीपुढच्या भारतीय स्त्रिया १४ कोटी धरा. मुंबईच्या चाचणीत लाखामागे वर्षाला दहा जीव वाचले. १४ कोटी म्हणजे १,४०० लाख. गुणिले दहा. चौदा हजार! दर वर्षी चौदा हजार आया, सासवा, आज्या. किल्लारीत गेलेल्यांपेक्षा जास्त माणसं, दर वर्षी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर! कोट्यवधींच्या यंत्रांनी नव्हे. तीन बोटांच्या पेरांनी. मधली तीन बोटं, छोटी-छोटी वर्तुळं, आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल, गळ्याखालच्या हाडापासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत आणि मग काख. एका बाईला पाच मिनिटं. कागदावरचा हिशेब आहे, मान्य. पण पाच मिनिटांत इतका मोठा आकडा हलवणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

आता राहिला दवाखान्यातला वेळ. २०१७ मध्ये ६७ देशांतला हिशेब छापून आला. डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटं. १२० सेकंद! दहा वर्षं वाढलेल्या गाठीसाठी १२० सेकंद. म्हणून ते वाया घालवायचे नाहीत. घरूनच चिठ्ठी लिहून न्या: गाठ कधी लागली, वाढली का, पाळी कधी आली, घरात कुणाला होता. तपासणी न करता, ‘काही नाही, गोळ्या घ्या,’ असं कुणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा, ‘डॉक्टर, ही गाठ कर्करोगाची नाही हे कशावरून?’ हे विचारायला पाच सेकंद लागतात. पक्क्या उत्तराला तीन पायऱ्या आहेत: हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका असेल तर सुईने काढलेला नमुना. मॅमोग्राफीच्या कागदावर ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि शेजारी ० ते ६ मधला एक आकडा असतो. तो बोट ठेवून विचारा. ३ असेल तर कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. ४ किंवा ५ असेल तर सुईचा नमुना झाल्याशिवाय घरी बसायचं नाही.

कर्करोग निघालाच तर आणखी चार प्रश्न. टप्पा कोणता? नमुन्याच्या अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू यांचे निकाल आले का? कारण औषधं त्यावर ठरतात. स्तन वाचवून शस्त्रक्रिया होईल का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता यावं म्हणून सगळ्या कागदांच्या प्रती मिळतील का? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो तुमचा हक्क आहे. सोबत लेक, भाऊ, शेजारीण कुणी तरी न्या. चार कान दोन कानांपेक्षा जास्त ऐकतात.

पैशाचाही हिशेब करू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पाच लाख म्हणजे १०२ क्विंटल! एकरी आठ क्विंटल धरले तर जवळपास तेरा एकरांचं पीक. ‘पैसे नाहीत, म्हणून नाही दाखवलं,’ असं म्हणण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि यादीतलं रुग्णालय कोणतं ते विचारा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल उभं आहे. औशाहून लातूर एसटीने तासाभराच्या आत.

तेव्हा तायांनो, मायांनो, वय तीस झालं असेल तर याच आठवड्यात आशाताईला गाठा, उपकेंद्रात जा आणि स्तनतपासणी करून मागा. पन्नाशी उलटली असेल तर एकही फेरी चुकवू नका. गाठ लागली असेल तर आजच निघा आणि पक्कं उत्तर मिळेपर्यंत दवाखान्याची पायरी सोडू नका. आणि दादांनो, तिला गाडीभाडं द्या, त्या दिवशीची मजुरी बुडू द्या, सोबत जा. हजारातल्या नऊ जणींचा आकडा बदलायला तुमच्या घरातली एक जण पुरेशी सुरुवात आहे.